कडेची माणसं

कडा, ता. आष्टी
दि. १२ जानेवारी १९९५

ति. शिवकन्या आक्काच्या चरणी धाकट्या हरिओमचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधी मनातल्या मनात शिव्या देऊन घे, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. मी खुशाल आहे. दोन वेळा जेवतो. अंगात स्वेटर आहे. तो कुणाचा आहे ते विचारू नको.

टेंपोवरचं काम सुटलं. त्याच्या आधीचं रसवंतीचं सुटलेलं तुला ठाऊकच आहे. पण आता लागलंय ते काम मनासारखं आहे. इथं साखर कारखान्याच्या गेटासमोर बंकटमामा म्हणून फोटोग्राफर आहेत. नात्याचे नाहीत, सगळेच मामा म्हणतात. ऊसतोडीची माणसं सुट्टीच्या दिवशी नवे कपडे घालून येतात आणि पडद्यासमोर उभी राहतात. पडद्यावर विमान आहे, आणि विमानाच्या शेजारी हरीण का काढलंय ते रंगवणाऱ्यालाच माहीत. परवा एक बाई हटून बसली की विमान नको, हरणाजवळच उभी राहते. मग मी पडदा सरकवला. पडदा सरकवणं, रीळ घेऊन बीडला जाणं आणि धुतलेले फोटो आणणं हे माझं काम. बीडला आता रंगीत फोटो तासाभरात निघायला लागलेत, तेवढ्या वेळात मी बाजार फिरून येतो.

सांगायचं राहिलंच. मामांचा कॅमेरा जुना आहे. आपण बघायची बारकी खिडकी वर कोपऱ्यात वेगळी, आणि फोटो घेणारी काच मधे वेगळी. त्या काचेच्या आत पत्र्याच्या पातळ पाकळ्या आहेत. बाहेरचं कडं फिरवलं की पाकळ्या उघडतात आणि मधलं भोक मोठं होतं. उलटं फिरवलं की मिटत मिटत ज्वारीच्या दाण्याएवढं राहतं. ते बघितलं आणि मला आपली बांडी शेळी आठवली. दुपारच्या उन्हात तिच्या डोळ्यात नुसती आडवी फट असते, आणि दिवेलागणीला तीच फट फुगून केवढी होते! मामा म्हणतात, उजेड कमी असला की भोक मोठं करायचं. पण माझ्या मते त्यात आणखी एक गोष्ट आहे. दार जेवढं उघडं, तेवढं अंगण जास्त दिसतं. म्हणजे भोक मोठं केलं की फोटोत माणसंही जास्त मावत असणार. मामांना विचारलं नाही. सारखं विचारलं की ते मला चहा आणायला पाठवतात.

बाजारात आपल्या नेकनूरचा एक जण भेटला. तो म्हणाला की एडक्यानं मायला पाडलं. कसं काय? त्या एडक्याला तर तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलंय. खरं काय ते लिही. पत्र मामांच्या दुकानाच्या पत्त्यावर टाक.

दाजींना नमस्कार, भाचीला पापा. रागावत राहा, पण विसरू नको.

तुझा
हरिओम

―

नेकनूर
दि. २४ जानेवारी १९९५

चि. हरिओम यास शिवकन्या आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. स्वेटर तुझ्या दाजींचा आहे, हे आम्हाला माहीत आहे. त्यांनी सांगितलंय की राहू दे त्याच्याकडे, थंडी आहे.

एडक्यानं मायला पाडलं हे अर्धं खरं आहे. एडका बाजूनं येऊन उभा होता, आणि मायच त्याच्यावर जाऊन आदळली. मी डोळ्यांनी बघितलं. एवढं मोठं जनावर तिला दिसलं नाही. लागलं फार नाही, गुडघा सुजला होता, तो उतरला. पण संसारात पहिल्यांदाच दादांनी या वर्षी तिला मेंढरांमागं नेलं नाही. ते आणि चुलते मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेलेत, पाऊस जवळ आल्याशिवाय परत फिरणार नाहीत. म्हणून माय माझ्याकडं आहे, आणि तिचं लक्ष सगळं दादांच्या मागं गेलेलं आहे.

हरी, मला दुसरीच काळजी आहे. हापशावर बाया कुजबुजतात की अंजनाबाईला गर्व झालाय, शेजारून जावं तरी बोलत नाही. भिवराबाई तर तोंडावर म्हणाली की लेक फोटूवाला झाला तर सोयरी माणसं दिसंनात व्हय. माय घरी येऊन रडली. म्हणाली, ती कधी आली आन कधी गेली, मला ठावंच न्हाई. भाकरी थापते ती नीट, पण शेजारी ठेवलेला तांब्या रोज लवंडतो. छोटी तिच्या उजव्या अंगाला जाऊन बसते आणि आजी मला बघत नाही म्हणून रुसते.

गावात डोळे तपासायला शिबिर आलं होतं, तिथं नेलं. भिंतीवरच्या तक्त्यावरच्या खुणा कुठल्या बाजूला तोंड करून आहेत ते विचारत होते. मायनं सगळ्यात खालच्या बारीक ओळीपर्यंत बरोबर सांगितलं. त्यांनी सांगितलं की नजर चांगली आहे. समोरचं चांगलंच दिसतं तिला. कडेचं काय, ते कुणी विचारलं नाही आणि तिला सांगता आलं नाही.

तू एकदा ये. तुझं ती ऐकते. मी सांगितलं की म्हणते, तुझं आपलं काहीतरीच.

मायला काही कमी पडू देणार नाही, तूही पत्रांत कमी पडू नको.

तुझी
आक्का

―

कडा
दि. ३ फेब्रुवारी १९९५

ति. आक्काच्या चरणी हरिओमचा शि. सा. न. वि. वि.

आक्का, पत्र वाचलं आणि मला एकदम उलगडा झाला. घाबरू नको. हे तर कॅमेऱ्यासारखंच आहे!

नीट वाच. माय जन्मभर उन्हात मेंढरांमागं हिंडली. उन्हात डोळ्यातलं भोक बारीक होतं, शेळीचं होतं तसंच. इतकी वर्षं बारीक राहून राहून ते तसंच आखडून बसलं असणार. भोक बारीक, म्हणून समोरचं ठळक दिसतं, आणि कडेचं कापलं जातं. आता ते परत मोठं करायला पाहिजे. म्हणून तिला उन्हात जाऊ देऊ नको. तुझ्या मधल्या खोलीत, जिथं कडबा आणि कांदे ठेवतेस, तिथं अंधार असतो. तिथं रोज दुपारभर तिला बसव. थोड्या दिवसांनी भोक उघडेल आणि भिवराबाई दोन्ही बाजूंनी दिसायला लागेल. मग मायलाच वाटेल की आधी होतं तेच बरं होतं.

मी लगेच निघालो असतो. पण या महिन्यात जत्रेला मामा नारायणगडावर पाल टाकणार आहेत, आणि मला म्हणालेत की गर्दीत एखादा फोटो तुला काढू देईन. आजपर्यंत मी एकही काढलेला नाही. तेवढं झालं की येतोच. मागच्या वेळीही येतो म्हणालो होतो ते मला आठवतंय, म्हणून तू आठवण करून देऊ नको.

मायला सांग की तिच्या लेकाच्या डोक्यात आता शेळ्यांशिवाय दुसरंही काही शिरायला लागलंय.

तुझ्या धाकाखाली राहू इच्छिणारा
हरिओम

―

नेकनूर
दि. १४ फेब्रुवारी १९९५

चि. हरिओम यास आक्काचे आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद रीतीप्रमाणे लिहिले आहेत. खरं तर मी रागात आहे.

तू लिहिलंस तसं मायला सांगितलं. ती खळखळून हसली आणि म्हणाली, दुपारच्याला बांडीच्या मागून दबक्या पायानं जा आन तिची शेपटी धरून दाव, मग लेकाचं खरं मानते. तुझे दाजी उठून गेले आणि बांडीनं त्यांना मागच्या मागं लाथ मारली. डोळ्यात फट असतानाही तिला मागचं दिसतं. इथंच तुझं शहाणपण संपलं होतं. पण माय तरीही मधल्या खोलीत जाऊन बसली. म्हणाली, लेकरानं एवढं लांबून सांगितलंय, बसून बघते.

रोज बसली. मी माझ्या बोटाला तुझ्या दाजींच्या डबीतला चुना लावला आणि तिच्या कानाजवळून बोट हळूहळू पुढं आणत गेले, दिसलं की सांग म्हणाले. अंधारात ते जिथं दिसलं, बाहेर उन्हात नेलं तर तिथंच दिसलं. तसूभरही फरक नाही. मग मी विचारलं की अंधारात बसून काय फायदा झाला. तेव्हा हळूच म्हणाली की दोन-तीन दिवसांपासून कपाळ ठणकतंय, मळमळतंय, आणि दिव्याभवती इंद्रधनुष्यावानी कडं दिसतं. मला का सांगितलं नाहीस असं मी ओरडलेच. तर म्हणाली, पोराचं औषध हाय, सोसलं पायजे.

मी तिला बाहेर आणून बसवलंय. डोकं आता जरा कमी आहे. तुझे दाजी म्हणतात अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात नेऊ. माय म्हणते, दादा आल्यावर. दादा कधी येणार ते मेंढरांना विचारावं लागेल.

मला काही सुचत नाही. तू घरातला लेक आहेस. सल्ले पोस्टानं पाठवू नको.

आक्का

―

नारायणगड
दि. २१ फेब्रुवारी १९९५

ति. आक्काच्या चरणी हरिओमचा साष्टांग.

मामांच्या मुलानं तुझं पत्र इथं आणून दिलं. बाकीचं बाजूला ठेव. हे पत्र हातात पडेल त्या मिनिटाला मायला अंबाजोगाईला घेऊन जा. माझी वाट बघू नको, दादांची बघू नको. आणि तिला अंधारात मुळीच बसवू नको. मी चुकीचं सांगितलं होतं. साफ चुकीचं.

कसं कळलं ते सांगतो, म्हणजे तू मायला पटवू शकशील.

काल मामांनी मला एक फोटो काढू दिला. आप्पा म्हणून एक म्हातारे सगळं घर घेऊन दर्शनाला आले होते. मुलं, सुना, नवा जावई. मी पुढं उभा राहिलो तर खिडकीतून दोन्ही कडेची माणसं दिसत नव्हती. म्हटलं, हरकत नाही, आपण भोक मोठं करू, येतील. पूर्ण उघडलं आणि बटण दाबलं. आज बीडहून फोटो आला. एका कडेला आप्पांची नुसती काठी आहे, दुसऱ्या कडेला जावयाचा घड्याळाचा हात. वर मागच्या रांगेतल्या सगळ्या सुना पुसट. जावई म्हणाला की मला सासरी अजून एवढंच मोजतात. आप्पांनी मात्र ठरलेले पैसे मोजून हातावर ठेवले, आणि ते जास्त लागलं.

मला वाटलं मामा हाकलणार. पण त्यांनी आधी सगळ्यांना परत उभं केलं, कड्याला हात न लावता स्वतः चालत मागं गेले, हारवाल्याच्या दुकानाला पाठ टेकेपर्यंत, आणि फोटो घेतला. सगळे आले. मग मला पालात नेलं. कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं, फिल्म असते त्या जागी दूधट पातळ कागद लावला, काच उघडी ठेवली आणि डोक्यावर काळं कापड घातलं. आक्का, त्या कागदावर सगळी जत्रा उलटी होऊन चालत होती. पाळणा खाली, माणसांचे पाय वर. मला वेळेचं भानच राहिलं नाही. मामांनी टपली मारली आणि म्हणाले, आता कडं फिरव आणि बघ कोण बाहेर जातं.

फिरवलं. भोक ज्वारीएवढं झालं. चित्र मंद झालं, अंधुक झालं, पण कडेचा फुगेवाला होता तिथंच होता. कुणी बाहेर गेलं नाही. परत उघडलं, उजेड वाढला, पण नवीन कुणी आत आलं नाही. भोकानं उजेड कमी-जास्त होतो, आणि बारीक केलं की पुढचं-मागचं दोन्ही ठळक येतं. किती रुंद दिसायचं ते भोकावर नाहीच. ते काच कसली आहे आणि मागं कागद केवढा आहे त्यावर. हे दाखवायला मामांनी कागदाच्या कडेनं काळा पुठ्ठा सरकवला. लगेच फुगेवाला गेला, मग पाळणा गेला, मधली दीपमाळ तेवढी स्वच्छ राहिली.

ते बघून एकदम उमगलं. मायचं हेच आहे. पुढचं भोक नाही, मागचा कागद कडेनं झाकत चाललाय. तू चुना लावून तेच बघितलंस, आणि मी इथून शहाणपण शिकवत बसलो. मामांना मायचं सगळं सांगितलं. दिव्याभोवतीच्या कड्याचं ऐकल्यावर त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. त्यांच्या आईचंही असंच होतं. शेत उरकू दे, लग्न उरकू दे करत थांबले, आणि शेवटी ती हातानं चेहरे चाचपून ओळखायची. मामा म्हणाले, गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं धरून ठेवता येतं, तू इथं काय करतोयस?

पत्र पेटीत टाकतो आणि मीही निघतो. कोण आधी पोचतं ते बघू. मधे कुठं रेंगाळणार नाही, मायची आण.

हरिओम

―

कडा
दि. २६ मार्च १९९५

तीर्थस्वरूप मायच्या चरणी हरिओमचा दंडवत. आक्का, वाचून दाखव.

माय, फोटो पाठवत आहे. नीट पोचावा म्हणून दोन पुठ्ठ्यांत घातलाय. निघताना मळ्यात, मामांनी बरोबर दिलेल्या कॅमेऱ्यानं काढलेला तो. दाजी दादांना गोदावरीहून घेऊन आले आणि मेंढरं चुलत्यांवर सोडून दादा दोन दिवस राहिले, हे माझ्या जन्मात पहिल्यांदा बघितलं. फोटोत त्यांचा चेहरा कुणीतरी मेंढरू चोरलंय असा आलाय. मामांनी फोटो कडेपासून कडेपर्यंत बघितला आणि एकही चूक काढली नाही. चहालाही पाठवलं नाही.

थेंब सकाळ-संध्याकाळ घालतेस ना? डॉक्टरांनी बजावलंय की बरं वाटलं म्हणून सोडायचे नाहीत. दवाखान्यात तू त्यांना विचारलंस की माझं भोक लहान झालंय का, आणि ते माझ्याकडं बघून हसले, तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं. पण ते म्हणाले की काचबिंदू आहे, अंधारात बसल्यानं डोळ्यातला दाब आणखी वाढला होता, ऑपरेशन केलंय, आता आहे तेवढं टिकेल. मी तेच वाक्य रोज म्हणतो.

माझं इथं बरं चाललंय. आता माझ्या हातात कॅमेरा देतात. एक नवीन पडदा आलाय, त्यावर धबधबा आहे, आणि हरीण परत आहेच. येतो म्हणून तारीख लिहीत नाही, मग तू वाट बघत बसतेस.

ओरडायला कुणी नाही म्हणून चुकल्यासारखं होतं. तेवढं ओरडणं पत्रातून पाठवत जा.

तुझा
हरी

―

नेकनूर
दि. ९ एप्रिल १९९५

चि. हरिओम यास आक्काचे आशीर्वाद. खाली माय बोलली तसं लिहिलं आहे, माझं एक अक्षर नाही.

लेकरा हरी, मायचा तुला लई लई आशीर्वाद.

फोटू पोचला. तुजं ते जत्रेतलं पत्र तू आल्यावर चौथ्या रोजी आलतं. पोष्टापरीस तूच बरा निघालास. मधे कुटं थांबला न्हाईस म्हणून भिवराबाईलाबी नवल वाटलं. तिला मी सगळं सांगितलं डोळ्याचं. आता ती बाजूनं न येता पुढं येऊन उभी राहती आन कमरेवर हात ठिवून म्हणती, दिसले का गं अंजना, मी भिवरा. रोज. ताप झालाय निस्ता.

थेंब घालते. झोंबतात. आक्का राकन बसती, चुकवू देत न्हाई. कडेचं न्हाई आलं परत. न्हाई तर न्हाई. चालताना मान फिरवायची सवय लावून घेतलीय, एडक्यालाबी कळलंय, आधी बें करतो मग पुढं येतो.

तुला एक सांगते. तू इथं व्हतास तवा माज्या लई जवळ बसायचास. तवा मला तुजं नाक आन डोळेच दिसायचे, हात कुटं हाय त्ये हुडकावं लागायचं. तू ष्ट्यांडाकडं निघालास तसा जरा जरा करून सगळा दिसाय लागलास. आदी खांदे, मग पिसवी, मग पाय. पार पिंपळापशी गेलास तवा अख्खा दिसलास. मला रडू आलतं त्ये तू जातोस म्हणून न्हाई. अख्खा दिसलास म्हणून.

आन आता फोटू. आक्कानं हातात दिला. घरात मला एका टायमाला एकच माणूस दिसतं रे, दुसऱ्याकडं बघावं तर पयलं जातं. ह्यात सगळे एकदम. तुजे दादा, आक्का, जावई सटवाराव, छोटी, पार त्या कडेला एडका. मान हालवावी लागली न्हाई. सगळ्यांला एका दमात बघून घेतलं, पुन्यांदा बघितलं. छोटी म्हणली, आजी, आता मी दिसते ना. म्हणलं, दिसतीस गं बाई, शेंबडासकट दिसतीस.

मग मी तुला हुडकाय लागले. आक्का म्हणली, आगं, काढणाराच त्यो, त्यो कसा दिसंल. तवा ध्यानात आलं. सगळे मावावेत म्हणून तू मागं मागं सरकत गेलास, पार बांधापातूर गेलास, आन सोता भाईर राहिलास. तुजे दादाबी तसलेच. त्येंला एकडाव धरून आणलं तर तू सुटलास.

तू हिंड. मी आडवत न्हाई, तुमच्या रगतातच हाय त्ये. पर पावसाच्या आदी दादा मेंढरं घिऊन माघारी येतील, तवा तूबी ये. फोटूची डबी सटवारावांच्या हातात दे आन त्येंला जाऊ दे मागं बांधावर. त्येंला म्हणावं, बांडीची लाथ खाल्लीय तर एवढं जमंलच. तू आमच्यात ये. माज्या शेजारी जागा न्हाई मिळाली तर आसू दे, तितं छोटी बसंल.

तू पार एडक्याच्या पल्याड, कडेला उभा राहा. फोटूत कडेचंबी मला दिसतं.

तुजी माय